विश्लेषण : गांजाचे वजन होते, नशेचे का नाही?

बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेतून मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक गांजा’ जप्त, ही बातमी आता इतक्या वेळा येते की अनेक जण ती न उघडताच पुढे सरकतात. त्यातला आकडा मात्र थांबून पाहावा असा असतो. कस्टम विभाग या मालाची किंमत बहुतेकदा किलोला सुमारे १ कोटी रुपये धरतो. ओडिशा-आंध्र सीमेवरून गोण्या भरून येणारा गांजा त्याच्या जवळपासही जात नाही.

फरक मुख्यतः टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा. बंद खोलीत, कृत्रिम प्रकाशात, मातीऐवजी पोषकद्रव्यांच्या पाण्यावर निवडक वाणाची मादी झाडे वाढवली जातात. त्यांना पराग लागू दिला नाही की बी धरत नाही आणि फुलांवर चिकट राळ जास्त साचते.

कायद्याला हा फरक दिसत नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार दोन्ही गांजाच. १ किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प’ प्रमाण, २० किलोच्या वर ‘व्यावसायिक’. व्यावसायिक ठरले की किमान १० वर्षे शिक्षा आणि जामीन महाकठीण. केवळ वजन पाहिले तर ९ कोटींचा ९ किलो माल आणणारा मधल्या गटात बसतो, आणि २१ किलो साधा गांजा नेणारा ट्रकचा क्लीनर वरच्या. शिक्षा वजनावर आणि बॅगेत जागा मोजकी, मग तस्कर कमी वजनात जास्त नशाच बसवणार! अमेरिकेतल्या दारूबंदीत (१९२०-३३) बिअर मागे पडून कडक दारू फोफावली, ती याच हिशेबाने.

बंदी उठवली की गांजा सौम्य होतो, हाही भाबडा समज. कोलोरॅडोत २०१४ मध्ये दुकाने उघडली आणि ६० टक्क्यांहून अधिक टीएचसीचे अर्क राजरोस विकले जाऊ लागले. तिथे टक्केवारी हीच जाहिरात. उरुग्वेने २०१७ मध्ये औषध दुकानांतून जेमतेम २ टक्क्यांचा गांजा देऊन पाहिला. ग्राहकांना तो मिळमिळीत वाटला आणि पुढे सरकारलाच अधिक कडक वाण आणावे लागले. इलिनॉय राज्याने कराचा मार्ग धरला : ३५ टक्क्यांपर्यंत टीएचसी असेल तर १० टक्के कर, त्यापुढे २५ टक्के.

भारतात हा विचार अगदीच परका नाही. नुसत्या पानांची भांग एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर आहे. चरस म्हणजे झाडाची राळ, म्हणून त्याची व्यावसायिक मर्यादा २० नव्हे, १ किलो. म्हणजे कायद्याने नशेची तीव्रता एकदा मोजली होती, पण झाडाच्या भागावरून. आज फुलातच राळ ठासून भरता येते. तेव्हा गांजाच्याही टीएचसीनुसार पायऱ्या ठरवायला हव्यात. प्रयोगशाळांवर भार वाढेल, खटले लांबतील, हा आक्षेप खरा आहे. पण जप्त मालाचा नमुना आजही प्रयोगशाळेत जातोच. तो गांजा आहे की नाही, एवढेच तिथे पाहून भागते.