पुस्तक कुठे ठेवायचे?

ग्रंथालयातली पुस्तकाची जागा वर्गांकाने ठरते, आणि वर्गांक देणाऱ्यांची दृष्टी त्या आकड्यात उतरल्याशिवाय राहत नाही. समलैंगिकतेवरच्या पुस्तकांचा प्रवास पाहिला की हे नीट कळते. मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हा विषय प्रथम आला १९३२ मध्ये, तोही मनोविकार (१३२) आणि अपसामान्य मानसशास्त्र (१५९.९) यांच्या खणांत. १९५२ मध्ये त्याला समाजशास्त्रात ३०१.४२४ हा क्रमांकही मिळाला. १९८९ मध्ये ‘सामाजिक समस्या’ या ३६३.४९ वर्गात आणखी एक जागा झाली. अमेरिकी मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्येच वगळले होते. वर्गीकरणकारांना मात्र त्यानंतर दीड दशकानेही ती समस्याच वाटत होती. लैंगिक संबंधांच्या ३०६.७ या वर्गात विषय आला तो १९९६ मध्ये. शिवाय नियमपुस्तकातला क्रमांक बदलला म्हणून पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी आपोआप बदलत नाही. जुने ग्रंथ पुन्हा वर्गीकृत करायला माणसे आणि पैसा लागतो, त्यामुळे टाकून दिलेले क्रमांक कपाटांत वर्षानुवर्षे नांदतात.

हे बदल आपसूक झाले नाहीत. अमेरिकन ग्रंथालय संघात १९७० मध्ये समलैंगिक सभासदांचा एक कृतिगट उभा राहिला. पुढे त्याचे नेतृत्व बार्बरा गिटिंग्ज यांनी दीर्घकाळ केले. त्या स्वतः ग्रंथपाल नव्हत्या, वाचक होत्या, आणि तरुणपणी स्वतःविषयी वाचायला ग्रंथालयात गेल्यावर त्यांच्या हाती विकृतीची वर्णनेच आली होती. या गटाने निवडक पुस्तकांच्या याद्या छापल्या आणि १९७१ पासून साहित्यपुरस्कार सुरू केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत ‘समलैंगिकता’ या शीर्षकाशी जोडलेला ‘लैंगिक विकृती’चा निर्देश १९७२ मध्ये काढला गेला.

मग वाद उरतो स्वतंत्र कपाटाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९९६ पासून या साहित्याचे स्वतंत्र केंद्र आहे. संशोधकाला आणि उघडपणे वावरणाऱ्या वाचकाला ते सोयीचे. पण ज्याने घरी काहीच सांगितलेले नाही, त्याला त्या कपाटापुढे उभे राहणेच अवघड जाते. पुस्तक इतर कादंबऱ्यांत मिसळलेले असेल तर तो निवांत चाळू शकतो, फक्त ते तिथे आहे हे त्याला आधी कळायला हवे. म्हणून कपाटापेक्षा तालिका महत्त्वाची. पुस्तक एकाच जागी राहते, पण त्याच्या नोंदी कितीही विषयांखाली करता येतात. ॲमस्टरडॅममधल्या अशाच साहित्याच्या एका संग्रहात १९९७ मध्ये तयार झालेला आणि पुढे वाढत गेलेला ‘होमोसॉरस’ हा शब्दसंग्रह याच कामासाठी आहे.

महाराष्ट्रात अडचण निराळी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांत पुस्तके बहुधा साहित्यप्रकारानुसार लावतात. त्यामुळे सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबऱ्यांत, विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ नाटकांत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ आत्मचरित्रांत जाते. ड्युई काटेकोर पाळली तरी पहिल्या दोघांची ताटातूट टळत नाही: मराठी कादंबरी ८९१.४६३, नाटक ८९१.४६२. पुस्तकावर इथे कुणी विकृतीचा शिक्का मारलेला नाही, हे खरे. पण तिघांना जोडणारी विषयनोंद नसेल, तर एक वाचलेल्याला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. बिंदुमाधव खिरे यांचे याच विषयावरचे ‘पार्टनर’ मागणाऱ्याच्या हाती व. पु. काळे यांचे ‘पार्टनर’ पडले, तर त्यात देवघेव विभागातल्या माणसाचा दोष नाही.

त्यात अनेक ठिकाणी कपाटांपर्यंत वाचकाला प्रवेश नसतो. पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून किंवा खिडकीशी मोठ्याने सांगून मागावे लागते, आणि लहान गावात खिडकीपलीकडचा माणूस वडिलांच्या ओळखीचा निघतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. या संकोचावर त्याचा परिणाम सावकाशच होणार. घरबसल्या पाहता येणारी तालिका आणि मुक्तद्वार कपाटे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या वाचनालयाला विषयशीर्षकाची सोय आयतीच मिळते. तो रकाना रिकामा सोडायचा नाही, एवढेच. वाचक शोधताना लिहील ते शब्द तिथे हवेत: समलैंगिक, तृतीयपंथी, पारलिंगी.

नियतकालिकांचा भाग याहून दुबळा आहे, आणि त्यात दिवाळी अंकही आले. ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून मराठीतले कितीतरी लेखन प्रथम दिवाळी अंकांत छापले गेले. वाचनालये हे अंक वर्गणीदारांत फिरवतात. हंगाम सरला की काही बांधणीला जातात, बरेचसे रद्दीत. तालिकेत नोंद होते ती अंकाच्या नावाची, आतल्या कथेची नाही. समलैंगिक नात्यावरची कथा पुढे लेखकाच्या संग्रहात आली नाही, तर अंक कपाटात असूनही ती विषयावरून शोधता येत नाही. अनुक्रमणिका टंकून प्रत्येक लेखाला विषय द्यायचा, तर एका अंकामागे एखाद्या दुपारचे काम आहे.