भिंत बुजवण्याआधी

घराची दुरुस्ती निघाली की चर्चा सुरू होते ती लादीपासून. मग रंग, सरकत्या खिडक्या, पोटमाळा, पीओपीचं छत. पतपेढीचं कर्ज काढलेलं असतं, बाईच्या गळ्यातलं गहाण पडलेलं असतं. पाण्याचा विषय निघतो तो अगदी शेवटी, पैसे संपत आल्यावर. तोही ‘नळ साधा घ्यायचा की चकचकीत’ इतपतच. पाणी घरात कुठून, कशातून आणि कशाच्या शेजारून येतं, हे कुणी विचारत नाही. कारण लादी पाहुण्यांना दिसते, पाइप दिसत नाही.

मी शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करते. खोलीची दुरुस्ती करणारी कुटुंबं वर्षभर पाहते. ठेकेदाराशी बोलणारा पुरुष, प्लंबरला पैसे देणारा पुरुष, सामान आणायला जाणारा पुरुष. बाई मजुरांना चहा देते आणि रात्री सिमेंटचा राडा काढते. पण पहाटे पाणी भरणारी तीच, गाळणारी तीच, उकळणारी तीच. पोराला जुलाब लागले तर कामावरचा खाडा तिचा. आणि वर बोलही तिलाच, ‘पाणी नीट उकळलं नसशील.’ पाइप गटारातून नेण्याचा निर्णय तिचा नव्हता, पण त्याचा दोष मात्र तिच्या पातेल्यात येऊन पडतो.

म्हणून मला वाटतं, पिण्याच्या पाण्याची शुद्धता हा ‘आरोग्य-शिक्षणाचा’ विषय म्हणून बायकांपुढे मांडणं आपण आता थांबवावं. उकळा, गाळा, झाका, हात धुवा, हे सारं खरंच आहे. पण त्यातलं प्रत्येक क्रियापद बाईच्या अंगावर पडतं. घराची दुरुस्ती ही अशी वेळ असते, की हे ओझं तिच्या अंगावरून काढून भिंतीवर आणि पाइपवर टाकता येतं. एकदा गिलावा झाला की ती संधी पुढची पंधरा-वीस वर्षं येत नाही.

यातलं तांत्रिक ज्ञान अवघड नाही. ते आपल्यापर्यंत येऊ दिलं जात नाही, एवढंच. काही गोष्टी इथे मुद्दाम सांगते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो. पाइप गटारातून किंवा गटाराला लागून गेलेला असेल आणि त्याला चीर किंवा ढिला सांधा असेल, तर बाहेरची घाण आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिल्या धारेबरोबर ती घरात येते. पाइपाला थेट मोटर लावून पाणी खेचलं की हाच प्रकार आणखी वाढतो, शिवाय शेजारणीचं पाणी तुटतं ते वेगळंच. तेव्हा दुरुस्तीत पहिलं काम हे, की जुना गंजलेला पाइप बदलायचा आणि नवा पाइप गटारापासून दूर, शक्यतो उंचावरून न्यायचा.

पाइप कोणता, हे ओळखायला प्लंबर असावं लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या साध्या पीव्हीसी पाइपवर ‘आयएस ४९८५’ छापलेलं असतं, सीपीव्हीसीवर ‘आयएस १५७७८’. ‘आयएस १३५९२’ असेल, तर तो सांडपाण्याचा पाइप आहे. पीव्हीसी पाइपांमध्ये शिसं वापरण्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. छाप नसलेला स्वस्त पाइप परत पाठवायचा हक्क बाईला हवा, आणि त्यासाठी तो आकडा तिला माहीत हवा.

दुसरं, ओट्यावर पिण्याच्या पाण्यासाठी एक नळ थेट मुख्य पाइपावरून घ्यावा, टाकीतून नव्हे. टाकीला घट्ट झाकण हवं, वाहून जाण्याच्या तोंडाला जाळी हवी, तळाशी धुण्याचं पाणी काढायला तोटी हवी. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, हे आपण विसरतो. जमिनीखालची टाकी असेल, तर ती संडासाच्या टाकीपासून दूर हवी. पिंपालासुद्धा तोटी बसवून घेतली, तर त्यात दर वेळी हात बुडत नाही. काम संपल्यावर सगळे पाइप नि टाकी धुऊन, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून, ते पाणी सोडून द्यायचं आणि मगच पिण्याचं भरायचं. ही शेवटची पायरी ठेकेदार हमखास गाळतो.

आता यंत्राबद्दल. दुरुस्तीच्या खर्चात आरओचं यंत्र हल्ली सहज धरलं जातं. ते पाण्यात विरघळलेले क्षार काढतं. आपल्या देशातल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात असे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले आहेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २००० पर्यंत चालतात. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून मुंबईला येणारं पाणी मुळातच मऊ आहे. तिथे आरओची गरज नसते, आणि एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. मराठवाड्यातल्या खोल बोअरची गोष्ट वेगळी. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइड आहे. तिथे कितीही उकळलं तरी फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे आधी तपासणी, मग उपाय. जाहिरात पाहून उपाय नको. शहरात महापालिकेच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र तिथूनच आणावी लागते, घरातली चालत नाही.

खेड्यात तर हे काम कागदोपत्री बायकांकडे दिलेलंच आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासण्याच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, संच पंचायतीच्या कपाटात बंद आहे की वापरात आहे, हे ग्रामसभेत विचारायला हवं. घरकुल योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. पण नाव कागदावर आलं म्हणून मोरी कुठे, संडास कुठे, विहिरीपासून शोषखड्डा किती लांब, हे ठरवताना तिला कुणी विचारतं का? मालकी आणि निर्णय या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली थोडीफार जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या वस्तीत अजून नळच नाही, तिथे पाइपच्या छापाच्या गोष्टी कशाला? आणि जी भाड्याने राहते, तिने कुणाची भिंत फोडायची? आक्षेप खरा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न विचारला गेला, तो अजून संपलेला नाही. मृणालताई गोरेंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळालं ते रस्त्यावरच्या लढ्यातून. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाण्याचा हक्क आहे, असं सांगितलं. तेही संघटनेच्या रेट्यामुळेच. घरातला नळ कितीही चांगला बसवला, तरी गल्लीतला पाइप गटारात असेल तोवर तो नळ घाणच देणार. ज्यांना परवडतं त्यांनी घरात यंत्र लावून घेतलं आणि हंडा मोर्चाला यायचं बंद केलं, असं काही ठिकाणी झालेलंही मी पाहिलं आहे. हा धोका मोठा आहे.

पण म्हणून घरातला प्रश्न उद्यावर टाकायचा नाही. चूल आणि मोरी ही राजकारणाबाहेरची जागा आहे, असं आपण कधीच मानलं नाही. गल्लीत नवा पाइप मागणारी बाई स्वतःच्या घरात पाइप कुठून न्यायचा हे ठरवू शकत नसेल, तर तिचा मोर्चा उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो.

यासाठी एक साधी सूचना. आपल्या बहुतेक बचत गटांकडून घरदुरुस्तीसाठी कर्ज दिलं जातं. अर्ज आला की आपण हप्ता किती, जामीन कोण, एवढंच विचारतो. यापुढे आणखी चार प्रश्न विचारू या. पाणी तपासलं का? पाइप कोणता आणि कुठून जाणार? पिण्याचा नळ आणि टाकी कुठे बसणार? आणि हे कुणी ठरवलं? उत्तर ‘त्यांनी’ असं आलं, तर गटातल्या दोघींनी तिच्या घरी जावं आणि ठेकेदार, नवरा, सासू यांच्यासमोर बसून तिच्याबरोबर नकाशा काढावा. गटाचे पैसे त्या घरात जाणार आहेत, तेव्हा आपल्याला नाही म्हणणं त्यांनाही सोपं जाणार नाही. एका गल्लीतले असे चार-पाच अर्ज जमले, तर त्याच नकाशांवरून गल्लीतला पाइप बदलून मागणारं निवेदन महापालिकेच्या पाणी खात्याला देता येईल.

भाड्याने राहणाऱ्या मैत्रिणींसाठी हे निवेदनच पहिलं पाऊल ठरेल. पुढच्या बैठकीत कर्जाचे अर्ज निघतील, तेव्हा सुरुवात करून पाहावी. काय अनुभव आला, तो जरूर लिहून कळवावा.