पाठीला लागलेलं पोट

दोस्तांनो, आधी कबुली देऊन टाकतो. मला पोट आहे.

मुंबईच्या डॉकात पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर घेतो. दंड दोराच्या पिळासारखे. पाय काटकुळे. बनियन काढली तर फासळ्या मोजून घ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध हे पोट. नगाऱ्यासारखं नाही, पण आहे. मुकादम म्हणतो, "कवी, कितवा महिना?" गँग हसते. मी पण हसतो. हसणं भाग असतं, पाळी लावणारा तोच.

तर या पोटावर लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. आपल्या अंकात पोट म्हणजे भूक, हे ठरलेलं. भुकेवर कविता झाल्या, माझ्याही चार झाल्या. पण पोटावरची चरबी? तो शेठजींचा विषय, तो जॉगिंग करणाऱ्यांचा विषय, असं मी समजत होतो. यंदा गावी गेलो आणि समज फाटला.

गाव किन्हीराजा. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. (मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडे बोट करतात. ते नव्हे.) एसटीतून उतरलो तर आत्याच्या घरी कुणीच नाही. शेजारीण म्हणाली, पोट्ट्याले दवाखान्यात नेलं. पहाटे पळता पळता रस्त्यावरच्या रपट्याजवळ पडला.

आत्याचा पोरगा एकोणीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतोय. आपल्या वस्तीतली अर्धी पोरं हेच करतात, दुसरं काय आहे त्यांच्यापुढं? पहाटे चारला उठून रस्त्यावर पळायचं. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. उंची 165 सेंटिमीटर, छाती 79, फुगवून पाच जास्त. भरतीत छातीला टेप लागतो. पोटावर किती बिस्किटं आहेत हे कुणी मोजत नाही. पण हे त्याला कुणी सांगावं? त्याच्या मोबाईलमध्ये रोज एक उघडा माणूस येतो आणि म्हणतो, तीस दिवसांत हट्टी चरबी गायब, सिक्स पॅक हजर.

तालुक्याच्या एका जिममधल्या 'सरां'नी त्याला एक डबा दिला आणि एक गोळ्यांची बाटली. साडेतीन हजार रुपये. आत्याच्या निंदणाच्या मजुरीचे. भाकरी बंद. भात बंद. सकाळी लिंबू-गरम पाणी, पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणं, रात्री पाचशे क्रंचेस. अकराव्या दिवशी पडला. सलाईन लावलेलं, ओठ पांढरे.

"काय करून रायला होता बे तू?"

"भौ, चरबी जायाले पाह्यजे होती."

"कुठं हाये चरबी?"

त्यानं सदरा वर केला आणि बेंबीखालचं कातडं दोन बोटांत धरून दाखवलं. दोन बोटं. बाकी सगळं हाड. त्याला पाहून मला माझं पोट दिसलं. हाडाच्या माणसाला पोट. हे कुठून येतं, हे त्या दिवसापासून विचारत सुटलो. डॉक्टरला विचारलं, वाचलं, गँगमधल्या म्हाताऱ्यांना विचारलं.

पहिली गोष्ट. बिस्किटं सगळ्यांनाच असतात. तुम्हाला, मला, मुकादमाला. पोटाच्या पुढं वरून खाली एक स्नायू जातो, त्यावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या असतात, म्हणून कप्पे दिसतात. किती कप्पे, हे जन्मतःच ठरतं. कुणाला चार, कुणाला सहा, कुणाला आठ. वर चरबी असते म्हणून दिसत नाहीत, एवढंच. पाचशे क्रंचेस मारा, स्नायू घट्ट होईल. पण वरची चरबी त्यानं जळत नाही. चरबी कुठून काढायची हे शरीर ठरवतं, आपण नाही. पुरुषाच्या शरीरात बेंबीखालची शेवटी निघते, म्हणून तिला हट्टी म्हणतात. प्लास्टिक गुंडाळलं तर घाम जातो, पाणी जातं, आणि ते दोन तांबे प्यायलात की परत येतं. पोरगा अकरा दिवस पाणी सांडत होता आणि चरबी जळतेय म्हणून खूश होता.

एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. ती घालवायची तर खाल्लेल्यापेक्षा जास्त खर्च करायचं, रोज थोडं थोडं, महिनोन्महिने. आणि तेवढ्यात स्नायू झिजू नये म्हणून प्रोटीन पुरेसं पाहिजे, झोप पुरेशी पाहिजे. दुसरी वाट नाही. गोळी नाही, पट्टा नाही, चहा नाही. नट लोक हे करतात. 'ओम शांती ओम' 2007 साली आला, 'गजनी' 2008 साली. मी तेव्हा शाळेत होतो, पोरं वर्गात सदरे वर करून पोट आत ओढायची. पण त्या नटांना शिकवायला माणूस, शिजवायला माणूस, दुपारी झोपायला खोली. त्यांचं पोट कमावतं. आपलं पोट आपल्याला कमवायला लावतं.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच मला चावली.

पुण्याला केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक म्हणून संशोधक आहेत. त्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायांची आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलो, आपलं दोन किलो सातशे ग्रॅम. आपलं बाळ सगळीकडून लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी? ती मात्र त्या मानानं राखलेली. काटकुळं बाळ, आत चरबी. 2004 साली याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन नावाच्या डॉक्टरांसोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. युडकिनच्या अंगात चरबी शेकडा 9, याज्ञिकांच्या अंगात शेकडा 21.

म्हणजे बघा. आईच्या पोटात अन्न कमी आलं की शरीर मेंदू वाचवतं, चरबी वाचवतं, आणि स्नायूवर काट मारतं. गरीब घराचा तोच हिशोब. दागिना विकायचा नाही, बैल विकायचा.

माझ्या आईचं माहेर हिंगोलीकडचं. आई जन्मली 1973 ला. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ती आजीच्या पोटात होती आणि आजी रोजगार हमीवर खडी फोडत होती. सुकडी खाऊन, लाल मिलोची भाकरी खाऊन. आजी सांगायची, मिलोची भाकरी जनावरानं पण हुंगून सोडली असती. त्या आजीच्या पोटी माझी आई, त्या आईच्या पोटी मी. आता मुकादम विचारतो, कितवा महिना. सांगू का त्याला? पन्नास वर्षं झाली मुकादम, अजून बाळंतपण होत नाही.

आणि बापाचं पोट? बापाच्या पोटावर बिस्किटं होती. खरंच. उन्हाळ्यात धुऱ्यावर बसून सदरा काढायचा तेव्हा कप्पे स्पष्ट दिसायचे. पोट पाठीला लागलेलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्याला कुणी विचारलं नाही, की दादा, डाएट काय तुमचं?

पण सगळं आजीवर ढकलून मी मोकळा होणार नाही. पोट आजीनं दिलं असेल, वाढवलं मी. पाळी सुटली की दोन वडापाव. रात्रपाळी, मग दिवसा पत्र्याखाली तुटक झोप. आणि क्वार्टर. क्वार्टरमध्ये चारेकशे कॅलरी असतात, आणि भाकरीतलं एकही काम ती करत नाही. आपण भाकरीवर कविता करतो आणि क्वार्टरवर गप्प बसतो. दोस्तांनो, हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो.

आता ताटाकडे या. रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. चांगलं आहे, नको म्हणणार नाही. पण त्यात मुख्य गहू आणि तांदूळ. रोजचं दीड-पावणेदोनशे ग्रॅम. त्यातून प्रोटीन निघतं पंधराएक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साधं जगायला पन्नास ग्रॅम लागतं. पळणाऱ्या, पोती उचलणाऱ्या पोराला त्याहून बरंच जास्त. मधला खड्डा कशानं भरतो आपण? आणखी भातानं. बटाट्यानं. तळणानं. पोट भरतं, स्नायू उपाशी राहतो, आणि उरलेलं बेंबीखाली जाऊन बसतं. ज्याला आळशाचं पोट म्हणतात ते पुष्कळदा उपाशाचं पोट असतं.

मी डॉकात काय उचलतो ठाऊक आहे? बाहेरची डाळ. मोझांबिकची तूर, म्यानमारची तूर. अख्खं प्रोटीन माझ्या पाठीवरून देशात शिरतं आणि 2015 साली हीच डाळ बाजारात दोनशे रुपये किलो झाली होती. आणि किन्हीराजाच्या चारही बाजूंना काय? सोयाबीन. जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. त्या दाण्यात शेकडा पस्तीस-चाळीस प्रोटीन आहे. 2024 ला हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याच्याही खाली गेलं. म्हणजे किलोला एकोणपन्नास रुपये सुद्धा नाही. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते, जहाजात जाते. आत्या त्याच सोयाबीनचं निंदण करते आणि त्या मजुरीतून पोराला साडेतीन हजाराचा प्रोटीनचा डबा घेऊन देते. हे मी आत्याला सांगितलं तर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मंग हे कोनी आमाले कावून नाई सांगतलं?"

मटणाचा भाव सोडा, तो सणाचा. आपल्या लोकांना स्वस्तातलं प्रोटीन कुठलं होतं? बडं. इथं एक फरक नीट समजून घ्या. मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका, असं बाबासाहेबांनी 1927 ला महाडला सांगितलं. आपण सोडलं. आपल्या हातानं, इज्जतीसाठी सोडलं. पण मार्च 2015 पासून राज्यात बैल कापायला बंदी आली, ती आपल्याला कुणी विचारून नाही आणली. दुकानातनं पैसे देऊन घ्यायचं, पावशेर घ्यायचं, ते गेलं. राहिली अंडी. शाळेतल्या खिचडीबरोबर आठवड्याला एक अंडं 2023 च्या शेवटी मिळायला लागलं, आणि जानेवारी 2025 ला सरकारनं त्याचे पैसे काढून घेतले. द्यायचंच तर शाळेनं लोकवर्गणीतून द्या म्हणे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. आठवड्यातून सहा ग्रॅम! तेवढंही कुणाच्या तरी डोळ्यांत सललं. आणि वर ह्यांचीच मुलं जिममध्ये दिवसाला सहा अंड्यांचं पांढरं खातात, पिवळं फेकून देतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वस्तीतल्या पोरांनी डब्यावर आणि गोळ्यांवर एक रुपया घालू नये. आणि आपल्या चळवळीनं पोटाचा विषय शेठजींना सोडून देऊ नये. रेशनवर डाळ मागा. शाळेत अंडं मागा. पोटुशी बाई मजुरीला वाकते तिला पोटभर डाळ-अंडी मिळतात की नाही ते आधी बघा, कारण तिच्या पोटातल्या पोराचं पोट तिथंच ठरतंय. कुणी म्हणेल, जातीच्या लढ्यात अंडं काय आणलंत? मी म्हणतो, तुम्ही कधी उपाशी पोटी 1600 मीटर पळालात का?

पोराला घरी आणलं. जिमचे 'सर' भेटायला आले नाहीत. मी चार दिवस होतो. सोयाबीन भिजवून, चांगलं उकडून (कच्चं खाऊ नका रे, पोट बिघडतं), कांदा-तिखट घालून आत्यानं ताटात वाढलं. पीठ दळताना दहा किलो गव्हात एक किलो भाजलेलं टाकलं. भाकरी परत सुरू. त्याला म्हटलं, पोटाकडं बघू नको, कमरेला टेप लाव. 90 सेंटिमीटरच्या आत आहेस ना? आहे. मग झालं. कातड्याखालची दोन बोटं चरबी कुणाला मारत नाही. मारते ती आतली, यकृताभोवती, आतड्यांभोवती साचलेली. साखर, बीपी, हार्ट, सगळी तिची पिलावळ. चिमटीत न येणारी ही चरबी चालण्यानं आणि कमी तळण्यानं आधी हलते.

पोरगा म्हणाला, "पन भौ, दिसन काय बिस्किट?"

म्हटलं, "दिसलं तं दिसलं. आधी गोळा फेक."

मुंबईला परत आल्यावर माझ्याच कमरेला टेप लावला. 94. वडापाव एकावर आणलाय, क्वार्टर शनिवारवर. महिन्यानं 92 झाली. मग टेप घेऊन मुकादमाकडं गेलो, म्हटलं, या, तुमची पण घेऊ. हातातला चहा टाकून शेडच्या मागं गेला तो पाळी संपेस्तोवर आला नाही.