सकाळी कडक ऊन, संध्याकाळी गडगडाट: परतीच्या पावसाचा अंदाज कसा वाचायचा?

ऑक्टोबर उजाडला की व्हॉट्सॲपवर ‘मान्सून परतला’चे मेसेज फिरू लागतात. नेमकी तेव्हाच मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची काढणी सुरू असते. पण मान्सून परतला म्हणजे पाऊस संपला, असं नाही.

हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखा अशा: पश्चिम राजस्थानातून माघारीची सुरुवात १७ सप्टेंबर, मुंबईतून ८ ऑक्टोबर आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबर.

मग पाऊस दुपारनंतरच का येतो? जमिनीत ओल असते. ढग विरळ झाल्याने ऊन तापतं. गरम, दमट हवा वर जाते आणि दुपारपर्यंत उंच ढग तयार होतात. मग विजा, सोसाट्याचा वारा आणि थोडा वेळ जोरदार सर. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र इकडे सरकलं, तर मात्र पाऊस दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असेल तर सगळ्या गावांत पाऊस पडेलच असं नाही. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे लगेच पावलं उचला.

म्हणून महिन्याभराच्या भाकितांपेक्षा जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज रोज बघा. कापलेलं सोयाबीन शेतात पसरून ठेवण्याआधी तर नक्कीच. पावसाची शक्यता असेल तर गंजी लावून ताडपत्री टाका. आणि विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नका; पीक झाकायलाही धावू नका.