दहावा नंबर कोणाचा?

डिसेंबर २०२५ मध्ये चिलीतल्या सांतियागोला मुलींचा ज्युनिअर विश्वचषक हॉकी झाला. २४ संघांत आपल्या मुली दहाव्या आल्या. त्या आठवड्यात करमाडच्या स्टँडवर एक गृहस्थ म्हणाले, "पोरींनी काय दिवे लावले? पोरांनी बघा, ब्राँझ आणलं!"

मी हॉकीची वेडी. पोरांच्या ब्राँझचा मलाही आनंद झाला. मुलींचं सगळं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. नामिबियावर १३ गोल चढवणारा संघ जर्मनीपुढे एका गोलावर थांबला, शेवटी स्पेनकडून १-२ हरला. मलाही ते लागलं. पण तुलना करायचीच तर पुरती करू या.

पोरं त्याच दिवसांत चेन्नई-मदुराईत खेळत होती, आपल्या माणसांसमोर. मुलांचा ज्युनिअर विश्वचषक २०१३ला दिल्लीत, २०१६ला लखनौत, २०२१ला भुवनेश्वरला आणि आता तामिळनाडूत भरला. मुलींचा १९८९पासून भरतोय, भारतात एकदाही नाही. हॉकी इंडिया लीग पुरुषांसाठी २०१३ला सुरू झाली. बायकांसाठी २०२५ उजाडावं लागलं, तेही पुरुषांचे आठ संघ आणि बायकांचे चार!

तरीही याच मुलींनी २०१३ला जर्मनीत विश्वचषकाचं ब्राँझ जिंकलं. २०२३ला जपानमध्ये कोरियाला २-१ हरवून ज्युनिअर आशिया चषक पहिल्यांदा आणला. त्या संघात वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, मनश्री शेडगे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. २०२४ला मस्कतमध्ये तो चषक राखला. तेव्हा स्टँडवर कोणी पेढे वाटले नाहीत.

आणि आपल्या गावाचं काय? माझा खो-खो आठवीत सुटला. पाय मोडला नव्हता, पाळी आली होती. "आता मोठी झालीस," एवढं एक वाक्य पुरलं. आजही संध्याकाळी मैदानावर पोरांचं क्रिकेट असतं आणि मुली कडेकडेने घरी जातात. एका नंबरसाठी त्यांना जाब विचारणाऱ्यांनी मैदानाचा हिशोब कधी दिलाय का?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यालाही आहे. रेशन, दारू, पाणी, मारहाण यांसाठी आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवेत. पण मुलींच्या मैदानासाठी किती काढले? खेळ म्हणजे चैन, असं आपणही मनातून मानलं. जी मुलगी चारचौघांत धावली, पडली, उठून पुन्हा धावली, तिला आपलं शरीर लपवायची वस्तू वाटत नाही. मारहाणीविरुद्धची लढाई इथूनही सुरू होते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: रोज संध्याकाळी दोन तास मैदान मुलींचं, तिथे दिवे आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. तुम्हीही आपापल्या गावात मांडा. मुलींचा विश्वचषक भारतात भरवा, ही मागणीही आपल्या पत्रकांत येऊ द्या.

मग त्या गृहस्थांना खुशाल नंबर मोजू द्या.