शाळवावरची भोरडी

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस थांबवून विचारिले, "फादर, शाळू दुधात आला आणि भोरड्यांनी धाड घातली. दाण्यांस विष चोळून बांधावर टाकावे म्हणतो. पाप तर लागणार नाही ना?" प्रश्न विवेकाचा खरा, परंतु उत्तरापूर्वी या पाखराची हकीकत सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भोरडी ही साळुंकीच्या कुळातली. डोके, पंख व शेपूट काळी. पाठ व पोट गुलाबी. माथ्यावर मागे झुकलेला तुरा. तिला पळसमैना असेही म्हणतात, कारण पळस, पांगारा, सावर फुलली की ती मधासाठी त्यांवर झुंडीने उतरते व या फुलाचे पराग त्या फुलास पोचविते. शास्त्रज्ञांनी तिला दिलेले लॅटिन नाव 'पास्तोर', म्हणजे मेंढपाळ. चरत्या कळपाबरोबर राहून खुरांनी उडालेले नाकतोडे ती टिपते. हाच शब्द धर्मगुरूलाही लावितात. तेव्हा आम्ही भाऊबंदकीने तिची कड घेतो असे कोणास वाटल्यास आमचा नाइलाज आहे!

भोरडीचे माहेर येथले नव्हे. एप्रिलच्या सुमारास ती कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम चीन अशा दूरच्या कुरणांकडे निघते. तेथे मे-जूनमध्ये दगडांच्या राशींत व खडकांच्या फटींत हजारोंच्या वसाहती करून अंडी घालते. जेथे टोळ उदंड, तेथेच बिऱ्हाड. म्हणून वसाहतीची जागा दरसाल पालटते. पिल्लांस टोळ-नाकतोडेच भरविले जातात. जुलै-ऑगस्टात ती पुन्हा आपल्या देशात हजर!

मिसर देशावरील टोळांची पीडा वाचकांस ठाऊक आहेच. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांवर विषारी औषधे मारीत. १९८० नंतरच्या दशकात तेथील लोकांनी मुद्दाम घरट्यांच्या जागा रचून भोरड्यांस बोलाविले. त्या इतक्या आल्या की टोळच अपुरे पडून पुष्कळ पिल्ले उपाशी मेली.

आपल्याकडे ती दाणे खाते हे आम्ही नाकारीत नाही. शेकड्यांनी थवा उतरला की कणसे रिकामी होतात, आणि ज्याची वर्षाची भाकरी त्या कणसांत आहे त्याला पाखराचे कौतुक ऐकविणे सोपे नव्हे. परंतु तोच थवा माळावरचे नाकतोडेही वेचतो. शिवाय बांधावरचे विष भोरडी कोणती, चिमणी कोणती, शेजारणीची कोंबडी कोणती हे विचारीत नाही. म्हणून आम्ही म्हातारबुवांस स्पष्ट सांगितले: विष नको, माळा बांधा, गोफण चालवा, डबे वाजवा. दाणा घट्ट होईपर्यंतच काय ती राखण.

"मग नातवाला बसवितो," ते म्हणाले, "पण शाळा बुडेल."

ते मात्र आम्हांस मान्य नाही. भोरडीचा मुख्य चारा सकाळी लवकर व दिवस कलल्यावर. अंधार पडण्याआधी सारा थवा बाभळींवर मुक्कामाला जातो. मधल्या वेळेत आजोबांनी स्वतः माळ्यावर बसावे.