काच खरवडू नका!

मोटारीच्या पुढच्या काचेवरील जुने स्टिकर काढले, की मागे डिंकाचा चिकट थर उरतो. मग कोणीतरी दाढीचे पाते आणून खरवडू लागतो. माझ्या मते ही घाई चुकीची आहे. काचेवरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या मोस श्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७. साधी काच ५.५ च्या आसपास. पात्याखाली असा एखादा कण सापडला, की ओरखडा उठलाच! रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर विखुरतो आणि चालकाला रस्ता नीट दिसत नाही.

हा डिंक बऱ्याचदा रबरासारख्या पदार्थाचा असतो. म्हणून तो पाण्याला दाद देत नाही. समानात समान विरघळते, हा नियम आठवा. आधी धूळ धुऊन काच पुसा. थरावर खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबा. तेल आत मुरते, थर सैल होतो. मग तो फडक्याने पुसा आणि काच साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल मात्र वापरू नका. त्याची वाफ चटकन पेट घेते.

जोर लावण्यापूर्वी पदार्थाचा स्वभाव ओळखावा. रसायनशास्त्र शिकायचे ते यासाठीच, नाही का?